आपटल्यान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही ऐकताय म्हणून — नाही, तसंही नाही. सांगायलाच हवं, म्हणून सांगतो.

आमच्या वाडीतला पहिला बी.ए. मी. इकडे पोलिसांनी कुणावर हात टाकला की लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे येतात. माझ्या अर्जांवर दोन हवालदार निलंबित झालेत, एका फौजदाराने भर चौकीत माफी मागितली आहे. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही. पण पहिला अर्ज? त्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

तो पांडूकाकांचा. किनाऱ्यावर रापण ओढणारा माणूस. ते एवढं मोठं जाळं पाण्यातून ओढायचं म्हणजे दोन्ही हात हवेत. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज होते, इकडे दारूबंदी. तिकडची दारू लपवलीस म्हणून हवालदाराने त्यांना चौकीवर नेलं आणि पायरीवर आपटलं. उजवा हात मोडला. दारू सापडलीच नाही. अर्ज मी लिहिला — आणि खरंच, झकास लिहिला होता. त्यावरूनच प्रांतसाहेब चौकशीला आले.

साहेब देशावरचे. त्यांना मालवणी कळेना, म्हणून जबानी लिहायला मला बसवलं. खुर्चीवर, त्यांच्या शेजारी. म्हणाले, "तुमची भाषा शुद्ध आहे हो. इकडचे वाटत नाही." मी केवढा फुललो.

हात कसा मोडला, त्यांनी विचारलं. पांडूकाका म्हणाले, "पायरेर आपटल्यान, सायबा."

आपटल्यान — म्हणजे त्याने आपटलं. आमच्याकडे यात कुणाची गफलत व्हायची नाही. साहेब माझ्याकडे वळले. "पायरीवर आपटला, असंच ना?"

काय लागत होतं मला? एक 'नाही'. पण साहेबांची चूक काढायची, आणि ती मालवणी समजावून — म्हणजे मी इकडचाच, हे दाखवून? मी होय म्हणालो. आणि तसंच लिहिलं.

जबानी वाचून दाखवली तेव्हा पांडूकाका जरा थांबले. माझ्याकडे बघितलं. मग अंगठा उठवता उठवता म्हणाले, "झिला, तू शिकलेलो. तू लिवलंस ता बरोबरच आसतला."

अर्जात मारहाण, जबानीत पडल्याचं — तक्रार निकाली निघाली. हवालदार जागेवरच राहिला. काकांनी पुन्हा रापण ओढली नाही.

नंतरचे अर्ज मी प्रायश्चित्त म्हणून लिहिले का? नाही. मला ते जमतं, म्हणून लिहिले.

पांडूकाका शेवटपर्यंत वाडीभर सांगत राहिले — पोलिसांचो त्रास झालो तर आमच्या बीएकडे जावा. पुष्कळदा मी शेजारीच असायचो. खरं सांगायचा धीर नव्हता, असं नाही. ते कौतुक ऐकायला मला आवडायचं.