तिसरा रकाना

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. पलीकडून त्यांची भाची म्हणाली, "आत्या गेली, डॉक्टर." मी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ चाळीस... सांगायला लाज वाटते, पण कुठलीही बातमी आली की आधी वेळ बघायची ही सवय त्यांनीच मला लावली होती.

पनवेलमधल्या आमच्या लहानशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्या एकोणीस वर्षं कामाला होत्या. रोज ओवे गावाहून यायच्या. कॅन्सरचा संशय असला की पेशंटच्या शरीरातला तुकडा काढून बाटलीतून आमच्याकडे येतो. अशा अर्जंट बाटल्यांसाठी ताईंनी एक लांबट वही घातली होती. पहिल्या रकान्यात बाटली आली ती वेळ, दुसऱ्यात रिपोर्टवर माझी सही झाली ती वेळ. उशीर झाला की त्या बोलायच्या नाहीत, माझ्या चहाच्या कपाशेजारी वही उघडी करून ठेवायच्या. माझं डोकं फिरायचं. "तुकडा औषधात मुरावा लागतो, ताई!" मी करवादायचे. "त्याला मुरू द्या ना, मॅडम. तुमी नका मुरू." एकदा वरून तपासणी येणार होती, म्हणून एका नोंदीत दहा मिनिटं कमी लिहा म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मग जासईच्या एका बाईंचा रिपोर्ट झाला. आमची सही अगदी वेळेत होती. पण त्यांचे सर्जन रजेवर गेलेले, पाकीट त्यांच्या दवाखान्यात तसंच पडून राहिलं आणि अकरा दिवसांनी त्या बाई स्वतःच विचारत आमच्या दारात आल्या. आपली काही चूक नाही, असं मी वही दाखवून म्हटलं. ताई भडकल्या. "कागद निघाला म्हणजे झाला काय? त्या बाईला कळला नाय तवर आपला काम झाला नाय." त्याच दुपारी त्यांनी पट्टी घेऊन वहीत तिसरा रकाना आखला. वर लिहिलं, 'कळलं'. पेशंटला खरोखर कळेपर्यंत त्या फोन करत राहायच्या आणि मगच तिथे वेळ टाकायच्या.

गेल्या वर्षी त्यांच्याच नावाची बाटली आली. पहिल्या रकान्यातली नोंद त्यांनी स्वतःच्या हातानं केली. स्लाइड वाईट होती, कॅन्सरच होता. सोमवारी साडेचारला मी सही केली. सर्जन म्हणाले, "तुमच्या घरच्यासारख्या आहेत, तुम्हीच सांगा." मी हो म्हटलं आणि सांगितलं नाही. मंगळवारी त्यांनी चहा आणला, बुधवारीही आणला... वही मात्र उघडली नाही. बुधवारी संध्याकाळी त्या पर्स घेऊन निघाल्या तेव्हा मी कसंबसं बोलले. त्या खुर्चीत बसल्या. "तुमाला कवा कळला?" "सोमवारी." "बरं," एवढंच म्हणाल्या, आणि जाताना माझा रिकामा कप विसळून ठेवला. दोन दिवसांनी काही फरक पडला नसता, असं सगळे डॉक्टर सांगतात. मीही डॉक्टर आहे. मला ते कधी पटतं, कधी पटत नाही.

तेरावं झाल्यावर त्यांच्या जागी आलेल्या नवीन मुलीनं वही मागितली म्हणून मी ती काढली. त्यांच्या नावाची ओळ बघायचा धीर मला तोवर झाला नव्हता. तिसऱ्या रकान्यात बुधवार असणार, ताईंच्या अक्षरात माझा गुन्हा लिहिलेला असणार, हे मी धरूनच चालले होते. तिथे लिहिलं होतं, सोमवार, पाच.

एकोणीस वर्षांत त्यांनी खोटी लिहिलेली ही एकच वेळ. मला वाचवायला लिहिली... आणि मी ढसाढसा रडले.

त्या मुलीला मी नवी वही आणून दिली, तीन रकाने आखून. जुनी माझ्या टेबलावर असते, चहाच्या कपाशेजारी, त्याच पानावर उघडी.