वाढत्या अंगाची शाळा

माझ्या शाळेला इमारत नव्हती, घंटा नव्हती आणि गणवेश नव्हता. पहिल्या दोन गोष्टी अण्णांनी पोटात घातल्या. तिसरी त्यांना पचेना, कारण माझे वडील, म्हणजे अण्णा, झरी गावचे टेलर आहेत आणि आसपासच्या सगळ्या शाळांचे गणवेश त्यांच्याच मशीनवर शिवले जातात.

शाळा फिरती होती. एक टर्म एका देशात, पुढची दुसऱ्या देशात. शिक्षक, पोरं आणि पुस्तकं सगळं विमानातून हलायचं. दहावीनंतर मला तिथं शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा पेपरात फोटोसुद्धा आला होता (डोळे मिटलेला). पण कौतुक ओसरलं आणि लोकांना प्रश्न पडायला लागले. त्यातले बरेचसे माणिककाकांना पडायचे. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. शेतातून आले की दुकानातल्या बाकड्यावर ठाण मांडायचे.

"वैष्णवी कुठं हाय सध्या?"

"ग्रीसला," अण्णा मशीन न थांबवता म्हणायचे.

"मागं तर थायलंडला हाय म्हनला होता तुमी."

"आता ग्रीसला हाय."

मग काका गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेतानं विचारायचे, "काढून टाकायलेत की काय पोरीला?"

झालं. ‘टेलरच्या पोरीला कोणताच देश ठेवून घेईना’ ही बातमी माझ्या विमानाच्या आधी गावात पोचली. अण्णांचा फोन आला.

"बाई, तुज्या शाळेला डरेस कावून न्हाई?"

"अण्णा, तिथं ज्याला जे आवडतं ते घालतात."

"आवडीचं लग्नात घालतेत. शाळेत न्हाई."

पुढची टर्म भारतात होती. आमचे टोबियस सर ‘कापसापासून कपड्यापर्यंत’ असा काहीतरी प्रकल्प घेणार होते, आणि मी वर्गात फुशारकी मारलेली, की माझ्या गावात कापूसही आहे आणि माझे वडील नामांकित फॅशन डिझायनर आहेत. तेव्हा अख्खी शाळाच झरीला यायची ठरली. अण्णांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "येऊ दे. मी बगतो. शाळेसारखी दिसली तर पुढं जा. न्हाई तर परभणीला कॉलेजात नाव घालू. लोकाचं ऐकून कान किटले माजे."

आमची शाळा कुठल्याही कोनातून शाळेसारखी दिसत नव्हती. टोबियस सर स्वतः हाफ पँटमध्ये शिकवायचे. मग मला एक कल्पना सुचली (माझ्या कल्पनांचा इतिहास फारसा चांगला नाही).

"अण्णा, सगळ्यांचे गणवेश तुम्हीच शिवा ना."

पलीकडं मशीन थांबलं. अण्णा हळूच म्हणाले, "मापं धाड."

आता माझ्याकडं टेप नव्हता. पण टेलरच्या पोरीला टेप कशाला? एक वीत म्हणजे नऊ इंच, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले होते. मी शाळेतल्या बाकीच्या पंधराही जणांना रांगेत उभं केलं, पहिल्या यान नावाच्या पोरापासून शेवटपर्यंत छाती, कंबर, उंची सगळं वितीनं मोजलं, नवानं गुणलं आणि पाठवून दिलं. पोरं बघतच राहिली. टोबियस सर तर ‘पारंपरिक ज्ञान’ असं काहीतरी पुटपुटले आणि स्वतःचंही माप द्यायला उभे राहिले.

अण्णांचा लगेच फोन. "ह्या यानची छाती पंचेचाळीस? पोरगं हाय का हौद?"

"परदेशातली माणसं दणकट असतात, अण्णा."

"बरं. आन् तुजं माप?"

"ते राहिलंच की."

"ऱ्हाऊ दे. तुजं माप मला पाठ हाय."

शाळा परभणीहून एसटीनं झरीला उतरली. अण्णांनी दुकानात गठ्ठा सोडला. पांढरे शर्ट, निळ्या पँटी, कडक इस्त्री. पोरं उत्साहानं आत जाऊन घालून आली. निदान कपडे तरी आले. पोरं आत कुठंतरी असावीत. यान काठीसारखा बारीक. त्याच्या शर्टात आणखी एक यान आरामात राहिला असता. बाह्या गुडघ्याशी गप्पा मारत होत्या. टोबियस सर दोन्ही हातांनी पँट धरून "छान, हवेशीर" म्हणत होते.

अण्णांनी आधी यानला टेप लावला. मग माझ्याकडं वळले.

"तुजी वीत दाव."

मी पंजा पसरला. त्यांनी शेजारी स्वतःचा पसरला. माझी वीत त्यांच्या वितीच्या बरीच अलीकडं थांबली.

"नऊ इंच माज्या हाताची, बाई," अण्णा म्हणाले. "तुज्या हाताची सात."

एवढंच. रागावले असते तर बरं वाटलं असतं. कितीतरी दिवस राबले होते ते, आणि माझ्या चिमुकल्या पंजानं सगळ्यावर पाणी फिरवलं होतं. मला रडूच यायला लागलं. अण्णा तोंडात टाचण्या धरून यानची पँट दुमडायला बसले, आणि नेमके त्याच वेळी माणिककाका पाच-सहा जणांना घेऊन दारात उभे राहिले.

काकांनी रांगेवरून एक चक्कर मारली. एकाची बाही ओढून पाहिली. खाली वाकून यानच्या पँटीची दुमड बोटांनी चाचपली.

"अण्णा, वाढत्या अंगाचे शिवले का?"

अण्णा गप्प. (तोंडात टाचण्या होत्या म्हणून, असं ते अजूनही सांगतात.)

काका मागच्या मंडळींकडं वळले. "मंग शाळा खरीच हाय बगा. काढून टाकायचं असतं, तर तीन-चार वर्सं पुरंल असा डरेस कोन शिवतंय?"

मंडळींनी माना डोलावल्या. झरीत आजवर कुठल्याही पोराचा गणवेश पहिल्या वर्षी अंगाला बसलेला नाही. बसला तर आईबाप उधळे समजले जातात. काकांना फक्त टोबियस सरांची शंका उरली. "सर बी वाढायलेत का अजून?"

मी विचारून सांगितलं, की शिक्षकानं शेवटपर्यंत वाढत राहिलं पाहिजे, असं सर म्हणतात.

"लय नम्र मानूस," काका म्हणाले. "आन् तुजा डरेस कुठं हाय ग?"

अण्णांनी कपाटातून माझा गणवेश काढला. पाठ असलेल्या मापाचा. म्हणजे दहावीतल्या. मधल्या काळात मी दोन देशांचं जेवण कुणाचंही मन न मोडता जेवले होते. श्वास आत घेऊन कशीबशी त्यात शिरले, रांगेपुढं उभी राहिले आणि काकांच्या समाधानासाठी ऐटीत ओरडले, "सावधान! विश्राम!"

विश्रामला हात मागं नेले आणि शर्ट काखेपासून कमरेपर्यंत उसवला. पंधरा पोरं ढगळ कपड्यांत गंभीर उभी; टेलरची पोर तेवढी फाटलेली.

"अरारा," काका हळहळले. "घरच्याच पोरीला तेवढा वाढत्या अंगाचा शिवायचा ऱ्हायला."

अण्णांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग गळ्यातला टेप माझ्याभोवती फिरवून म्हणाले, "जा बाई पुढच्या टर्मला. शाळा खरी हाय."

त्या शाळेनं माझ्या ज्ञानात किती भर घातली, ते गुणपत्रिकेवरून कुणालाच नीट कळलं नाही. कमरेत साडेचार इंच घातली, ते मात्र अण्णांनी टेपनं मोजून सगळ्यांना दाखवलं.