चाळीस दारं

पालमच्या बाजारात सोपानमामांच्या पालासमोर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा त्यांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "बैल कुठं हाय?"

मला मठाटी हवी होती. पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधतात ती, रंगीत सुताची, गोंड्यांची. मी म्हटलं, "बैल नाही हो माझ्याकडं. परभणीला दारावर लावायचीय."

"मंग दार कुठं हाय?"

मला हसूही आलं आणि रागही. एसटीनं धक्के खात आलेल्या गिऱ्हाइकाला कुणी असं विचारतं? पण मामांचा तो नेमच होता. "ज्याचं त्याला बसलं पायजे, ताई. कपाळ बघितल्याबिगर हात चालत न्हाई माझा." बैलाच्या कपाळावर वीत ठेवायची, वर दोन बोटं मोजायची, त्याचा रंग बघायचा आणि मगच सुताला हात लावायचा. एकदा एकानं नव्या ट्रॅक्टरसाठी गोंडे मागितले, तर मामांनी त्याच्या बॉनेटवरही वीत ठेवली आणि चटका बसून हात मागं घेतला. "ह्येला तर ताप हाय," म्हणाले.

गावोगावचे बैल कमी होत चालले होते, प्लॅस्टिकचे तयार गोंडे आले होते. मी घरून शोभेच्या वस्तू विकत होते, मोबाइलवर फोटो टाकून. मामांना म्हटलं, मठाटीचं तोरण करू. त्यांच्या हाताला ते आठ दिवसांत जमलं. अडलं ते एकाच गोष्टीवर. प्रत्येक तोरणाला ते विचारायचे, "कुनाचं दार?"

दिवाळीला एका ऑफिसनं माणसांना वाटायला चाळीस तोरणं मागितली. एवढी मोठी ऑर्डर मला पहिल्यांदाच आलेली. ती हातची गेली असती तर माझा धंदा तिथंच बसला असता. आता चाळीस दारं आणू कुठून? मी खोटं बोलले. वहीत चाळीस दारं रचली आणि मामांना वाचून दाखवली. सेलूच्या मास्तरीणबाईंचं निळं, अरुंद दार. वालूरच्या नव्या सुनेचं, पिवळ्या चौकटीचं. मामा डोळे मिटून ऐकायचे, मग सूत निवडायचे. एकासारखं दुसरं झालं नाही. ऑफिसात म्हणे कुणी कोणतं घ्यायचं यावरून भांडणं झाली.

पुढं भेटलो की मामा हमखास विचारायचे, "निळ्या दाराला शोभलं का, ताई?"

"लय शोभलं, मामा."

खरं सांगायचं तर होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. डोळे दाखवायला ते परभणीला आले होते, तेव्हा माझ्याकडं चहाला थांबले. चौकटीला हात लावून दारातच उभे राहिले. "दम लागला का? आत या की," मी म्हटलं. "न्हाई, बघायलोय," ते म्हणाले. तेव्हा तरी सांगायचं होतं. चहात साखर किती, एवढंच विचारलं.

मागच्या पोळ्याला आठ दिवस उरले होते, तेव्हा मामा गेले.

मी घरी भेटायला गेले, तर मामींनी फडक्यात गुंडाळलेलं एक तोरण माझ्या हातात दिलं. हिरवं, मध्ये पांढरे गोंडे. "तुमच्या दाराचं हाय. म्हनले, ताईनं चाळीस दारं सांगितली, त्यातलं एक बी खरं नव्हतं. ह्ये तेवढं माझ्या डोळ्यानं बघितलंय."

मला मान वर करवेना. "त्यांना माहीत होतं, मग ती तोरणं केली कशाला?"

"मी बी तेच इचारलं. म्हनले, लेकरानं इतकं मन लावून सांगितलं, न्हाई कसं म्हनू?"

मामांचं बघून शिकलेली तोरणं आता मीच करते. ऑर्डर आली की आधी दाराचा फोटो मागवते. गिऱ्हाइकं वैतागतात, काही सोडूनही जातात. जाऊ देत. पण सूत निवडायला बसलं की शेजारी डोळे मिटून ऐकणारं कुणी नसतं, आणि मामांची फार आठवण येते.

त्या दिवशी घरी येऊन मामांचं ते तोरण मी बांधलं होतं. चौकटीला बोटभरही कमी-जास्त झालं नाही. लय शोभलंय, मामा. ह्या खेपेला खरं सांगतेय.