कॅथेड्रलमध्ये लावलेला कौल

आप्पांचा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागेल, बारापर्यंत काय ते सांगा, असं डॉक्टर म्हणाले. पाटसहून पुण्याला येऊन आम्हाला दोन दिवस झाले होते. शुगरमुळे जखम चिघळून पाय काळा पडला होता आणि आप्पा शुद्धीवर नव्हते. कागदावर अंगठा आईनं द्यायचा होता, पण ती देईना. सगळी तरुणपणाची वर्षं मेंढरांमागं चालण्यात घालवलेल्या नवऱ्याचा पाय त्याला न विचारता कसा तोडायचा, असं तिचं म्हणणं.

"देवाला इचारल्याबिगर मी आंगठा द्यायची न्हाई."

आमच्यात विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची असो, आधी जेजुरीला जाऊन कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आता जेजुरीला जाऊन यायला वेळ कुठला? मी आईवर ओरडलो, नको ते बोललो. तिनं खिडकीतून समोरच्या इंग्रजांच्या काळातल्या दगडी कॅथेड्रलकडं बोट केलं.

"तिथं कोन हाय?"

आत कुणीच नव्हतं. उंच कमानी, रंगीत काचा, रिकामी बाकं. आईनं पायरीवरच चपला काढल्या. समोर क्रूसावरच्या येशूकडं तिनं बराच वेळ पाहिलं.

"ह्याच्याच पायात खिळं ठोकल्यात. ह्याला पायाचं काय इचारू?"

मग ती बाजूच्या मेरीकडं वळली. कडेवर मूल पाहून म्हणाली, "ही लेकुरवाळी हाय. हिला कळंल."

तिथल्याच शेवंतीच्या दोन पाकळ्या तिनं बाटलीतल्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या निळ्या वस्त्रावर दोन बाजूंना चिकटवल्या. आम्ही हात जोडून उभे राहिलो.

पाकळ्या पडेनात. साडेअकरा झाले. कौलाची आयुष्यभर टिंगल करणारा मी मनात म्हणत होतो, बाई, दे गं काय ते, पाया पडतो. पावणेबारा झाले. आईनं फरशीवर डोकं टेकलं तेव्हा मी पुढं झालो आणि उजवी पाकळी नखानं पाडली.

आईनं मान वर केली. "दिला! उजवा दिला!" म्हणत ती रडायलाच लागली. गुडघेदुखी विसरून पळत गेली आणि अंगठा देऊन मोकळी झाली.

तिसऱ्या दिवशी आप्पा गेले, शुद्धीवर न येताच. पाय कापला नसता तरी वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले. ते मी स्वतःला रोज सांगतो आणि रोज ते कमी पडतं.

आईनं डॉक्टरांना बोल लावला नाही, मलाही नाही. तेराव्यानंतर पाव्हणे पांगले तेव्हा भिंतीला टेकून ती म्हणाली, "तिनं मला फसवलं. बाईनंच बाईला फसवावं व्हय?"

मी समोरच बसलो होतो.