लालबागचा सुटा आकडा

ठाकुरद्वारच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कमलाकांत गोरक्षकरांना पोस्टाची तिकिटं जमवण्याचा नाद होता, पण तो चारचौघांसारखा नव्हता. लोक तिकीट बघतात, गोरक्षकर ते किती खपलं हे बघत. फोर्टातल्या बोटीच्या कचेरीत ते कारकून. शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली की ट्रामनं गिरगाव, परळ, भोईवाडा आणि लालबाग अशी चार पोस्टं पालथी घालायची, प्रत्येक ठिकाणी दोन आण्यांचं एक तिकीट कडेच्या पट्टीसकट मागून घ्यायचं आणि घरी येऊन पट्टीवरचा तावाचा नंबर वहीत उतरवायचा. मागच्या शनिवारचा नंबर वजा केला की आठवड्यात किती ताव फुटले ते कळे. एका तावात एकशे साठ तिकिटं. गुणाकार केला की झाला विक्रीचा आकडा. अकरा वर्षांत त्या वहीतलं एक घर रिकामं राहिलं नव्हतं.

ते राहिलं छप्पन्नच्या जानेवारीत. मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार म्हटल्यावर शहर पेटलं, गोळीबार झाले, संचारबंदी लागली. एकवीस तारखेच्या शनिवारी गोरक्षकरांना जिनाही उतरता आला नाही. वहीत चार घरं कोरी पडली. जेवतानासुद्धा त्यांना ती दिसत होती.

पुढच्या शनिवारी ते लालबागला गेले. तिथल्या पोस्टात टपालाच्या थैल्या बांधणारा धोंडू परब नावाचा पॅकर होता. मालवणकडचा, गोरक्षकरांसाठी पट्टीची तिकिटं आवर्जून बाजूला ठेवणारा.

"त्या शनवारी दोन तास पोस्ट उघडला होता," धोंडू म्हणाला. "रांग नाक्यापर्यंत. गिरणीतल्या समद्यांका गावाक एकच लिवचा होता, आमी बरे आसंव म्हणून."

गोरक्षकरांना राहवलं नाही. "धोंडू, त्या आठवड्याचा आकडा मिळेल?"

कचेरीतला आकडा बाहेर देणं म्हणजे नोकरीवर पाणी. तरी धोंडूनं काउंटरच्या वहीत डोकावून चिठोऱ्यावर लिहून दिलं: ३७४३. गोरक्षकरांनी घरी येऊन तो वहीत चढवला आणि चिठोरं चुलीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, चाळीची झडती आली. वरच्या मजल्यावर चळवळीची पत्रकं छापतात असा पोलिसांना संशय होता. गोरक्षकरांच्या खोलीत पत्रकं सापडली नाहीत, वही सापडली. फौजदारानं ती उघडली. तारखा, गिरगाव, परळ, भोईवाडा, लालबाग आणि पुढे हजारांचे आकडे.

"वा!" तो म्हणाला. "वाटपाचा तक्ताच की हा."

"अहो, वाटप कसलं!" गोरक्षकरांच्या पत्नी राजलक्ष्मीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "आलेल्या पाहुण्यांना लाडू वाटा म्हटलं तर यांच्या हाताला कापरं भरतं. पत्रकं कसली वाटतायत!"

एक शिपाई हसला. फौजदार हसला नाही. गोरक्षकरांनी पट्ट्या चिकटवलेलं पुस्तक काढलं, नंबर दाखवले, वजाबाकी समजावली. फौजदार खाली बसला आणि त्यानं पेन्सिल घेतली. परळ, सात आणि चौदा जानेवारी. चाळीस हजार तीनशे अठरा, चाळीस हजार तीनशे त्रेचाळीस. पंचवीस ताव. चार हजार. वहीतही चार हजार. भोईवाडा जुळलं, गिरगाव जुळलं. गोरक्षकरांचा जीव भांड्यात पडू लागला.

मग पेन्सिल एकवीस तारखेवर थांबली.

"तीन घरं कोरी. लालबाग भरलेलं. संचारबंदीत तुम्ही लालबागला गेलात?"

"नाही."

"पट्टी?"

"नाही."

"बाकी सगळे आकडे एकशे साठच्या पटीतले. हा नाही." फौजदारानं मान वर केली. "तीन हजार सातशे त्रेचाळीस. हा मोजून दिलेला आकडा आहे, गोरक्षकर. कोणी दिला?"

गणित त्यांनीच शिकवलं होतं, आता ते त्यांच्यावरच उलटलं. धोंडूचं नाव ओठांपर्यंत आलं. लालबागला एका खोलीत नऊ माणसं, आणि मिळवता तो एकटा. राजलक्ष्मीबाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या.

"कोणी नाही," गोरक्षकर म्हणाले. "मी ठोकून दिला."

"अंदाज असा सुटा असतो? चार हजार लिहिले असते."

"चार हजार लिहिले की अंदाज वाटतो, साहेब. सुटा लिहिला की खरा वाटतो. रिकामं घर बघवेना मला."

फौजदारानं वहीची मागची पानं चाळली. "म्हणजे अकरा वर्षांची ही वही तुम्ही अशीच भरलीत? बनवाबनवी?"

गोरक्षकरांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "जमेल तिथं खरी," ते म्हणाले. "नाही तिथं अशीच."

"लिहा तसं. सही करा."

त्यांनी लाल शाईनं आकड्यावर रेघ मारली, शेजारी लिहिलं 'खोटा आकडा', आणि खाली सही केली. फौजदारानं वही त्यांच्या मांडीवर टाकली. "पोरखेळ," असं शिपायाला म्हणत तो जिना चढून वर गेला.

दीडेक महिन्यानं धोंडू घरी आला, शिमग्याला गावी जाण्याआधी. वही उघडी होती.

"ओ गोरक्षकरानू," तो दुखावून म्हणाला, "ह्यो आकडो खोटो? माज्या डोळ्यांनी बघितलंय मी."

"हळू बोल," गोरक्षकर म्हणाले आणि उठून दार लावून आले. मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. राजलक्ष्मीबाईंनी पुढे केलेला चहा बशीत ओतून धोंडू ती तशीच धरून बसला.

त्या मे महिन्यात दादरला संग्राहकांच्या बैठकीत गोरक्षकरांनी आपला तक्ता वाचला. एका वकिलानं विचारलं, जानेवारीचा एक आठवडा कोरा कसा? लालबागला तर त्या दिवशी पोस्ट उघडं होतं म्हणे, खूप खप झाला असेल.

"असेल," गोरक्षकर म्हणाले. "माझ्याकडे आकडा नाही."

आणि त्यांनी पान उलटलं.