आई भिंतीकडं वळली आणि बाबा गप्प झाले

मंडळी, आत्ताच दवाखान्यातून परत आलो.

आज बाबांच्या कानांची तपासणी होती. दोन्ही कानांत मशीन असूनही बोलणं नीट कळत नाही, म्हणून ऑपरेशन करून कानाच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचं का, हे ठरायचं होतं. सिंदेवाहीहून पहाटेच निघालो.

तपासणाऱ्या मॅडम ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढं कागद धरून एकेक शब्द बोलत होत्या. बाबांनी तो परत म्हणायचा. पाटी, भाकर, रस्ता... सगळे बरोबर! मी खूश. मॅडम मात्र चक्रावल्या. मग त्यांची नजर बाबांसमोर बसलेल्या आईवर गेली. प्रत्येक शब्द आई नुसत्या ओठांनी म्हणत होती. घरी रोज बाबांसाठी म्हणते, तसंच. तिचं तिलाही कळत नव्हतं.

"बाई, तुम्ही जरा भिंतीकडं तोंड करा."

पुढचा शब्द. बाबा गप्प. आणखी एक. बाबा आईच्या पाठीकडं बघत राहिले.

शेवटी म्हणाले, "आवाज येते मॅडम. बोलणं नाई समजत."

आई भिंतीकडंच बघत बोलली, "मंग मी नसली त यांचं कसं होईन?"

तुमच्या घरी कुणाच्या कानात मशीन असेल, तर आज त्यांच्या पाठीमागून बोलून बघा. नुसती हाक नको. एक पूर्ण वाक्य बोला.