उत्तम शुक्रवारची पाण्याची बाटली

कपाट आवरताना लेकीची जुनी पाण्याची बाटली सापडली. झाकण उघडलं आणि तोच कोंदट प्लॅस्टिकचा वास आला. खडकीच्या आमच्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना बारा ते तीन चालते, ऐन उन्हात, येशूने क्रुसावर काढलेल्या सातही उद्गारांवर एकेक प्रवचन होतं. ही बाटली घेऊन आम्ही उपासनेला गेलो, तेव्हा लेक सात वर्षांची होती. तिच्या चुळबुळीला डॉक्टरांनी एडीएचडी म्हटलं होतं. सासूबाईंच्या मते माझी प्रार्थना कमी पडत होती. त्या दुपारी तिने बाकाखाली शिरून लोकांच्या चपला इकडच्या तिकडे केल्या. "अहो, आवरा तिला, नाहीतर बाहेर न्या," मागच्या बाई म्हणाल्या. मी उठणार, तेवढ्यात पाळक पाचव्या उद्गारावर आले. प्रभूला क्रुसावर तहान लागली, असं सांगू लागले. माझा हात सोडवून ती मधल्या वाटेने धावत गेली, वेदीजवळच्या लाकडी क्रुसापाशी बाटली ठेवली आणि मोठ्याने म्हणाली, "घे, अजून गार आहे." आजही ती एका जागी टिकत नाही; गोळी चालू आहे, प्रार्थनाही. त्या तहानेच्या उद्गारावरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आलेय, हात जोडून, अगदी शांत बसून.